थ्री-नॉट-थ्रीसाठी काडतूस: जुने लष्करी, नवे की स्वतः भरलेले?

थ्री-नॉट-थ्री म्हटले की आपल्याला पोलिसाच्या खांद्यावरची रायफल आठवते. २००८ च्या हल्ल्यात सीएसटीवर पोलिसांच्या हाती तीच होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे. त्यामुळे हा हिशेब कॅनडा-ऑस्ट्रेलियात राहून, तिथल्या परवान्यावर ली-एनफील्ड (हीच थ्री-नॉट-थ्री रायफल) बाळगणाऱ्यांसाठी.

जुन्या लष्करी मालाचा मोह मला कळतो. मार्क सात हे थ्री-नॉट-थ्रीचे १९१० चे लष्करी काडतूस, १७४ ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅमची) टोकदार गोळी, टोकात शिशाऐवजी बहुधा अ‍ॅल्युमिनियम. पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडावर ‘केएफ’ असेल तर माल आपल्या खडकीचा. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. पण जुन्या प्रायमरचे (बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीचे) क्षार बॅरलमध्ये उरतात आणि ओल ओढून गंज आणतात. नुसते तेल पुरत नाही, त्याच दिवशी गरम पाण्याने बॅरल धुवावी लागते. शिवाय या पुंगळ्या बहुतेक बर्डन प्रायमरच्या. नेहमीच्या डायच्या (पुंगळी मापात दाबणाऱ्या साच्याच्या) पिनेने हा प्रायमर निघत नाही, म्हणजे पुन्हा भरायला त्या जवळपास निरुपयोगी. संग्रहात शोभतील.

नवे कारखानी काडतूस महाग, पण बॉक्सर प्रायमरचे (हा पिनेने सहज निघतो) आणि बिनगंजाचे. वर्षातून दोन-चारदाच रेंजवर जाणार असाल तर पुढचे वाचायची गरजही नाही.

स्वतः भरण्यात खरी मेख पुंगळीची आहे. हे काडतूस बुडाच्या कडेवर अडते, लष्करी चेंबर (बॅरलमधली काडतुसाची जागा) चिखलमातीतही चालावे म्हणून सैल, आणि बोल्टची पकड मागच्या बाजूला. त्यामुळे बार उडताना पितळ ताणले जाते. दर वेळी पुंगळी पूर्ण दाबून मूळ मापात आणली, की बुडाच्या जरा वर ती पातळ होत जाते आणि एक दिवस तिथेच तुटते. बाहेर चकचकीत वळे दिसले की ती पुंगळी फेकायची. एकाच रायफलीत वापरणार असाल तर फक्त मान (गोळी धरणारा तोंडाकडचा भाग) दाबा. पुंगळ्या कितीतरी जास्त टिकतात. गोळी ०.३११-०.३१२ इंचाची घ्या, ०.३०८ ची नको. दारूचे माप छापील मॅन्युअलमधूनच. जुन्या काडतुसातले कॉर्डाइट (जुन्या पद्धतीची दारू) काढून वापरण्याचा विचारही नको.

माझा कौल: आधी नवी काडतुसे घ्या, पुंगळ्या जपून ठेवा, महिन्याला रेंजवर जाणे जमू लागले की मगच प्रेस (डाय चालवणारे दाबयंत्र) आणि डायवर पैसे घाला. आणि रायफल बंगालमधल्या इशापूर कारखान्याची असेल तर आधी तिच्यावरचा शिक्का वाचा: ‘टू-ए’ आणि ‘टू-ए-वन’ दिसायला तशाच, पण त्या ७.६२ नाटो या वेगळ्या काडतुसाच्या आहेत.