परतावा कुठे अडला, हे पोर्टल सांगते का?

प्राप्तिकर खात्याचे नवे ई-फायलिंग पोर्टल ७ जून २०२१ रोजी सुरू झाले, तेव्हा ते धड चालत नसल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने ते तयार करणाऱ्या इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना खुलाशासाठी बोलावून घेतले. त्या मानाने आजची स्थिती पुष्कळच बरी आहे. पगार आणि ठेवींवरचे व्याज एवढेच उत्पन्न असलेल्या माणसाने आधार ओटीपीने रिटर्न पडताळले, तर जादा भरलेल्या कराचा परतावा कधी कधी काही दिवसांतच खात्यात जमा होतो, आणि त्यासाठी कोणाच्याही दारात जावे लागत नाही. या सेवेची खरी परीक्षा होते ती परतावा अडल्यावर.

अडलेल्या रिटर्नपुढे बहुधा 'अंडर प्रोसेसिंग' एवढेच शब्द दिसतात. काम बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे आहे, बँकेकडे आहे की आपल्याकडूनच काही उत्तर जायचे आहे, याचा त्यावरून उलगडा होत नाही, आणि माझ्या मते पोर्टलचा सर्वांत मोठा दोष हाच आहे. १९६१ च्या कायद्यातील कलम १४३(१) प्रमाणे ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरले ते वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत सूचनापत्र, म्हणजे रिटर्न तपासून खात्याने काढलेला हिशेब, पाठवता येते. म्हणजे जुलै २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाते. ही तारीख त्याच पानावर छापली असती, तर रोज लॉगिन करून पाहणाऱ्यांचा जीव थोडा तरी भांड्यात पडला असता.

सूचनापत्र मात्र उत्तम आहे. ईमेलने येणारी ही पीडीएफ पॅन लहान अक्षरांत आणि त्यापुढे जन्मतारीख टाकली की उघडते. आत दोन स्तंभ असतात: एकात आपण दाखवलेले आकडे, दुसऱ्यात खात्याने काढलेले. एकेक ओळ ताडून पाहिली की परतावा का घटला ते बहुतेक वेळा तिथेच सापडते. नेहमीचे कारण टीडीएसचे, म्हणजे पगार किंवा व्याज देतानाच कापलेल्या कराचे असते. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे टीडीएस विवरण भरायची मुदत ३१ मे असल्यामुळे, एप्रिलमध्येच रिटर्न भरून मोकळे होणाऱ्या उत्साही मंडळींच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या खात्याकडील नोंदीत, शेवटच्या तिमाहीची कपात पुष्कळदा आलेलीच नसते.

बँक खात्याची अडचण याहून किचकट आहे. परतावा पूर्वप्रमाणित, म्हणजे पोर्टलवर आधीच पडताळून घेतलेल्या, खात्यातच जमा होतो आणि त्यासाठी पॅनवरचे नाव व बँकेतले नाव जुळावे लागते. आपल्याकडे पॅन माहेरच्या आडनावाने आणि खाते सासरच्या आडनावाने असलेल्या स्त्रिया कितीतरी आहेत. कुठे वडिलांचे नाव पूर्ण, कुठे नुसते आद्याक्षर, हा प्रकार तर घरोघरी. त्यातच देना बँक, सिंडिकेट बँक यांसारख्या बँका विलीन झाल्यावर जुने आयएफएससी कोड बदलले. अशा कारणांनी पैसे परत फिरले तर 'रिफंड फेल्ड' असे दिसते, आणि खाते दुरुस्त करून परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती आपणच करावी लागते. ती आपोआप होत नाही. पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय असेल, तर ते पुन्हा सक्रिय होईपर्यंत परतावाही मिळत नाही आणि त्या काळाचे व्याजही.

जुन्या थकबाकीची गोष्ट वेगळी. एखाद्या मागच्या वर्षाच्या कराची मागणी पोर्टलवर शिल्लक असेल, तर कलम २४५ खाली नोटीस येते आणि उत्तरासाठी २१ दिवस मिळतात. गप्प बसले की परतावा त्या थकबाकीत वळता होतो, मग ती मागणी मुळात चुकीची का असेना. म्हणून नोंदवलेला ईमेल सीएच्या कार्यालयाचा न ठेवता स्वतःचा ठेवावा, असे मी आग्रहाने म्हणेन. मात्र 'तुमचा परतावा मंजूर झाला' असे सांगून लिंक पाठवणारे संदेश फसवणुकीचे असतात. खरी नोटीस पोर्टलवर लॉगिन केल्यावरही दिसते.

उशिराची भरपाई कलम २४४ए प्रमाणे दरमहा अर्धा टक्का व्याजाने मिळते. रिटर्न वेळेत भरले असेल तर ती १ एप्रिलपासून मोजतात. २४,००० रुपयांचा परतावा ऑक्टोबरमध्ये मिळाला तर सात महिन्यांचे ८४० रुपये. हे व्याज मागावे लागत नाही, ते आपोआप जोडून येते, ही या सेवेची जमेची बाजू. पण परताव्याची रक्कम निश्चित झालेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज मिळत नाही, आणि जे मिळते ते 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' म्हणून पुढच्या रिटर्नमध्ये दाखवून त्यावरही कर भरावा लागतो.