उट्रेख्तच्या सायकल-पिशव्या कोल्हापुरात: आठ महिने वापरून

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला दोन वर्षं होतो, तेव्हा गाडी नव्हती आणि तिची आठवणही झाली नाही. किराणा, टॉयलेट पेपरचे 24 रोलचे गठ्ठे, एकदा तर घडीचं टेबल, सगळं सायकलवरून घरी आलं. परतताना कॅरियरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्यांची जोडी सामानात कोंबली. मिळून 40 लिटर, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या, पाणी न शिरणाऱ्या. आई म्हणाली, "एवढ्या लांबनं पिशव्याच आणल्यास व्हय?"

इथं पहिल्या दिवशीच घोळ. हूक गोल नळीसाठी केलेले, माझ्या जुन्या सायकलीच्या कॅरियरला चपटी पट्टी. बसेचनात. शेवटी उद्यमनगरात एकाकडून नळीची चौकट वेल्डिंग करून घेतली. तिथंच त्यानं बजावलं, "भावा, आधी स्टँड बदल."

ऐकलं नाही. रविवारी लक्ष्मीपुरीत एका पिशवीत नारळ भरले, दुसरी अजून रिकामीच, आणि बाजूच्या स्टँडवरची सायकल आडवी. नारळ थेट रस्त्यावर. "काय मर्दा, दुकान मांडलंस काय?" असं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोन पायांचा स्टँड बसवला. माझ्या मते पिशवीइतकाच, किंबहुना जास्त, पैसा स्टँडवर घालावा. वजन खाली आणि दोन्हीकडं सारखं हवं, हे गंगावेशीत दुधाचे कॅन लावून येणाऱ्या गवळ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मला मात्र त्यासाठी नारळ सांडावे लागले.

गुळाची 10 किलोची ढेप एका बाजूला, तांदूळ दुसऱ्या बाजूला, इथवर सायकल गुमान चालते. पण तिकडं रस्ते सपाट, त्रास फक्त समोरच्या वाऱ्याचा. इथं घर चढावर. मागं 20 किलो असलं की पुढचं चाक हलकं पडतं, हँडल डुलतं. मी सरळ उतरून ढकलतो.

पावसाळ्यात पिशव्यांनी कमाल केली, जुलैत आत थेंब नाही. पण तोंड बंद ठेवून मेथी आणली तर घाम येऊन काळवंडते. भाजीला तोंड उघडंच बरं. पेडल मारताना टाच मात्र अजून पिशवीला लागते, पिशवी मागं सरकवायला जागाच नाही.

आडव्या, मोठ्या वस्तूंसाठी तिकडं कॅरियरला रबरी पट्टे असतात, 'स्नेलबाइंडर' म्हणतात. दोन महिन्यांत त्यांची ताण गेली. आता पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब कापून बांधतो. कपडे वाळवायचा स्टँड, प्लॅस्टिकची खुर्ची, सगळं तिच्यावरच आलं.

गॅसची टाकी आणशील का, असं काका दर महिन्याला विचारतात. आत गॅसच 14.2 किलो, वर लोखंडाचं वजन जवळपास तेवढंच. कॅरियरवर 25 किलो लिहिलंय. रिक्षा सांगा, काका.