बदलापूर की पनवेल? गावाहून बिऱ्हाड आणताना

चिपळूण तालुक्यातलं घर बंद करून आई-अण्णा, बायको आणि दोन मुलांना घेऊन मी जून 2017 मध्ये इकडे बिऱ्हाड केलं. त्याआधी बारा वर्षं ठाण्यात गाववाल्यांच्या खोलीवर राहत होतो. बिऱ्हाडाची पहिली दोन वर्षं बदलापूर पूर्वेला काढली आणि मे 2019 पासून पनवेलच्या बाजूला, खांदा कॉलनीत आहे. दोन्हीकडे भाड्यानेच. शिमग्याला गावी गेलो की कोणी ना कोणी अंगणात येऊन हाच प्रश्न विचारतं, पोरांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवायचंय, बदलापूरला बघू की पनवेलला? दोन्हीकडे राहून झालंय म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

माझी नोकरी ठाण्याला आहे, त्यामुळे ठाणं धरूनच मी सगळं बोलतोय. तुम्हाला रोज फोर्टात किंवा अंधेरीला जायचं असेल तर प्रवासाचा भाग आपापल्या हिशेबाने वाचा.

आधी पैशाचं. बदलापूरला आम्ही वन बीएचकेला महिन्याला 5,500 रुपये भाडं देत होतो. खांदा कॉलनीत साधारण तेवढ्याच जागेला 10,000 मोजायला सुरुवात केली. आता दोन्हीकडचे आकडे वाढलेत, पण फरक राहिलाच आहे. माझ्या पगारात महिन्याला साडेचार हजार ही लहान रक्कम नव्हती, आजही नाही. जागा विकत घ्यायची असेल तर फरक आणखी जाणवतो. गावची काजूची बाग न विकता, बँकेचं कर्ज काढून स्वतःचं छप्पर करायचं असेल तर बदलापूरकडे हात पोहोचतो, पनवेलला पोहोचेलच असं नाही. इथे बदलापूर सरळ पुढे आहे.

लोकलचं मात्र तसं एका वाक्यात सांगता येत नाही. बदलापूरहून ठाण्याला जायला मला पाऊण तास लागायचा, खांदा कॉलनीजवळच्या खांदेश्वर स्टेशनहून जवळपास तासभर लागतो. घड्याळ बघितलं तर बदलापूर बरं. पण सकाळी बदलापूरला सुटणाऱ्या गाडीतसुद्धा जागा मिळेलच असं नसतं, कारण अंबरनाथची मंडळी आधी उलटी बदलापूरला येतात आणि बसूनच परत जातात. संध्याकाळी तर ठाण्याला बदलापूर किंवा कर्जत गाडी येते तीच मुंबईहून भरून. दारात पाय टेकायला मिळाला तरी पुष्कळ. याउलट पनवेलची गाडी ठाण्यालाच सुटते. एक गाडी सोडून दिली तर पुढच्या गाडीत खिडकीसुद्धा मिळते. गाड्या कमी आहेत, एखादी चुकली की फलाटावर बराच वेळ काढावा लागतो, हे खरं. तरी घरी पोहोचल्यावर मुलाचा अभ्यास घ्यायची ताकद अंगात उरते का, हे माझं माप आहे. त्या मापाने मला पनवेल थोडं सरस वाटतं. चाळिशीच्या आतल्या, एकट्या जिवाला कदाचित उलटं वाटेल.

शाळांवर फार लिहीत नाही. मराठी आणि सेमी इंग्रजी शाळा दोन्हीकडे आहेत आणि दोन्हीकडे मुलं रुळली. धाकटीला दोन महिने लागले, थोरल्याला वर्ष लागलं. एवढंच सांगतो, गावच्या शाळेतून दाखला काढायचं काम एप्रिलमध्येच उरका. जूनमध्ये एक शाळा दाखला मागते आणि दुसरी प्रवेशाचं पत्र आधी आणा म्हणते, आणि त्या दोघींच्या मधे आपण फेऱ्या मारत बसतो.

आता बदलापूरची खरी जमेची बाजू. ती पैशात मांडता येत नाही. बदलापूर गावासारखं आहे. पावसाळ्यात खिडकीतून डोंगर दिसतो, ढग खाली उतरतात. जूनमध्ये आदिवासी बायका टोपलीत शेवळं, टाकळा घेऊन बसतात. जांभळाच्या दिवसांत आई रोज पिशवीभर आणायची. अण्णा सकाळी चालत वस्तीबाहेर जायचे आणि कोणाच्या खाचरात लावणी कुठवर आली ते येऊन सांगायचे. ते खाचर कोणाचं, हे त्यांना दोन वर्षांत कधी कळलं नाही, पण त्याच्या बांधावर उभं राहिलं की त्यांचा दिवस चांगला जायचा. इमारतीत सगळी आपल्यासारखीच माणसं होती, कोणी लांज्याचं, कोणी जुन्नरचं, कोणी खानदेशातलं. हिची हळदीकुंकवाची मंडळी तिथे दोन महिन्यांत जमली. आजही तिचं मन बदलापूरलाच आहे आणि मी हे लिहितोय ते तिला पूर्ण पटलेलं नाही, हेही सांगून टाकतो.

मग सोडलं का? सामानामुळे.

कोकणातलं बिऱ्हाड एकदा ट्रक भरून आणलं की संपत नाही. ते वर्षभर येत राहतं. दिवाळीनंतर नवे तांदूळ, मार्चमध्ये काजू, मे महिन्यात आंबे, फणस, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि दर खेपेला नारळ. माझ्या पगारात सहा माणसं जेवतात त्यात निम्मा वाटा गावच्या गोण्यांचा आहे. आणि कोकणातून बदलापूरला सरळ जाता येत नाही. कोकण रेल्वेच्या गाडीने आलात तर दिव्याला किंवा ठाण्याला उतरायचं, पूल चढायचा, उतरायचा आणि कर्जतच्या दिशेची लोकल पकडायची. एसटीने आलात तर कुठल्या तरी फाट्यावर उतरून रिक्षा किंवा दुसरी बस. नकाशावर हे किरकोळ दिसतं.

नोव्हेंबर 2018 मध्ये अण्णा आणि मी सावंतवाडी-दिवा पॅसेंजरने नवे तांदूळ घेऊन येत होतो. माझ्या खांद्यावर तीस किलोची गोणी होती, अण्णांकडे नारळांची पिशवी. त्यांचं वय तेव्हा 71. संध्याकाळची वेळ, ऑफिसं सुटलेली. पुलाच्या मधल्या पायऱ्यांवर गोणीची शिवण उसवली. सुतळी आमचीच होती, शिवण आमच्याच हातची, दोष कोणाला देणार? तांदूळ पायऱ्यांवरून खाली वाहत गेले. वरून गाडीची गर्दी उतरत होती. मी गोणीचं तोंड धरून उभा राहिलो, मला दुसरं काही सुचेना. अण्णांनी पिशवी कठड्याला टेकवली, खांद्यावरचा पंचा पायरीवर पसरला आणि खाली बसून ओंजळीने तांदूळ भरायला लागले. मी म्हटलं, "अण्णा, राहू दे, उठा." ते म्हणाले, "पायाखाली कसे जाऊ द्यायचे?" कॉलेजातली एक मुलगी आपली सॅक पुढे धरून त्यांच्या वरच्या पायरीवर उभी राहिली, लोकांना बाजूने जायला सांगत. तिच्यामुळे त्यांच्या हातावर कोणाचा पाय पडला नाही. दोन लोकल गेल्या. घरी पोहोचायला साडेदहा झाले. दुसऱ्या दिवशी आईने ते तांदूळ सुपात पाखडले, खडे निवडले, आणि आम्ही ते खाल्ले.

त्यावर अण्णा काही बोलले नाहीत. फक्त गावी जायचा विषय निघाला की म्हणायला लागले, "तुम्ही जाऊन या." मार्च 2019 च्या शिमग्याला ते गेले नाहीत, म्हणून आईही गेली नाही, आणि माझी रजा मंजूर झाली नाही. ग्रामदेवतेची पालखी आमच्या बंद दारासमोरून पुढे गेली. वाडीत असं आमच्या घराच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. चुलत्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा अण्णा खिडकीशी उभे होते, तोच डोंगर बघत. त्या रात्री माझ्या डोक्यात आलं की आपण गावासारखी दिसणारी जागा शोधली, गावाला लागून असलेली जागा शोधायला हवी होती. दोन महिन्यांत खांदा कॉलनीत आलो.

पनवेलचा फायदा एवढाच, पण आमच्यासाठी तोच मोठा. चिपळूणकडून येणारी एसटी मुंबईला जावो, बोरिवलीला जावो, पनवेलला थांबतेच. कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्याही थांबतात. रात्री गावाकडे बसलं की पहाटे पनवेल स्टँड, तिथून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत घर. गोणी दोनदाच उचलायची, चढताना आणि उतरताना. 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षांपुढच्यांना एसटी मोफत झाली, अण्णा त्याच वर्षी त्यात बसले. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणजे हिचाही खर्च निम्म्यावर आला. आता आई-अण्णा वर्षातून पाच-सहा वेळा ये-जा करतात, पेरणीला आणि कापणीला गावी राहतात, आणि घर बंद राहत नाही. आमच्यापैकी किती जणांना मुंबईत येऊनही शेती पडीक ठेवायची नसते, ते तुम्ही जाणताच.

याचा अर्थ इकडे सगळं गोड आहे असा नाही. उन्हाळ्यात आमच्या इमारतीला पाणी एक वेळ येतं, तेही कमी दाबाने, आणि टँकरची वर्गणी वेगळी निघते. बदलापूरला आम्हाला हा त्रास कमी झाला. काही रात्री वाऱ्याची दिशा फिरली की कारखान्यांचा उग्र वास येतो आणि खिडक्या लावून घ्याव्या लागतात. ज्यांच्या घरी दम्याचं माणूस आहे त्यांनी भाडेकरार करण्याआधी त्या भागात एक रात्र राहून बघावं. डासही जास्त. आणि अण्णांना इथे बांध नाही. सिडकोच्या सरळ रेषेतल्या सेक्टरमधून ते सकाळी फिरतात, बागेत बसतात, पण खाचराची बातमी आता फोनवरूनच येते.

महामार्गाचंही सांगायला हवं. पनवेलपासून इंदापूरपर्यंतचं रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून आम्ही त्या रस्त्यावर वेळेची खात्री कधीच धरलेली नाही. चिपळूण ते पनवेल साधारण दोनशे किलोमीटर, कधी सहा तास, कधी आठ. आणि गणपतीत एक गोष्ट बदलापूरवाल्यांच्या बाजूची आहे. दिव्याहून सुटणाऱ्या गाडीत त्यांना निदान सुरुवातीला चढता येतं, पनवेलला ती गाडी येते तेव्हा जनरलच्या डब्यात हात शिरत नाही. आम्ही म्हणून आरक्षणावरच राहतो. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही, तेव्हा जुन्या हिशेबाने तारीख धरू नका.

पुराचं दोन्हीकडे विचारा. बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीच्या अंगाला 2005 मध्ये पाणी चढलं, 2019 मध्येही चढलं. 2019 च्याच 27 जुलैला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. इकडे कळंबोलीचा काही भाग सखल आहे, मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की तुंबतं. दलालाला विचारू नका, खालच्या किराणा दुकानदाराला विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते तो बोटाने दाखवतो.

माझं म्हणणं सगळ्यांना लागू पडणार नाही. तुमचं गाव जुन्नर-ओतूरकडे असेल तर माळशेज उतरून मुरबाडवरून कल्याणला येणारी एसटी आहे, तिथून बदलापूर दोन-चार स्टेशनं. नाशिक, जळगाव, सोलापूरकडच्या गाड्याही कल्याणला थांबतात. त्यांच्यासाठी पनवेल उगाच वळसा आहे आणि स्वस्ताईचा फायदा सोडून इकडे यावं असं मी म्हणणार नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या बस मात्र एक्सप्रेसवेवरून कळंबोलीला उतरवतात, तेव्हा त्यांनी पनवेलची बाजू बघावी. आणि म्हातारी माणसं गावीच राहणार असतील, फक्त नवरा-बायको आणि मुलं येणार असतील, तर बदलापूरचं भाडं वाचवा, त्यातून गावी पैसे पाठवा.

पण आई-वडील बरोबर येणार असतील आणि गाव महाडच्या पलीकडे असेल, तर माझ्या मते थोडं जास्त भाडं देऊन पनवेलच्या बाजूला राहावं. ठरवण्याआधी एक करा. एकट्याने जागा बघायला येऊ नका. गावाहून निघताना वडिलांना बरोबर घ्या, दहा किलो तांदूळ घ्या, आणि ज्या गाडीने पुढे ये-जा करणार आहात त्याच गाडीने, संध्याकाळच्या गर्दीत, त्या घराच्या दारापर्यंत या. मग दोन्ही ठिकाणांपैकी कुठल्या दारात वडील आधी पाण्याचा तांब्या मागतात आणि कुठल्या दारात आधी जागा बघतात, ते लक्षात ठेवा.

गेल्या महिन्यात आई एकटीच आली. पहाटे स्टँडवर मी पोहोचायच्या आत तिने हमालाशी भाव करून गोणी रिक्षाजवळ आणून ठेवली होती. गोणीला या वेळी दुहेरी शिवण होती, अण्णांच्या हातची.