स्टँडवरचा स्वस्त मॅन्युअल फ्लॅश: गोडॉक्स टीटी ६०० आणि त्याचे प्रतिस्पर्धी

कॅमेऱ्याच्या डोक्यावर न बसवता स्टँडवर लावून किंवा मदतनिसाच्या हाती देऊन वापरायचा फ्लॅश घेताना पुण्यातले बहुतेक हौशी छायाचित्रकार किंमत आणि गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा कंपनीने दिलेला आकडा) या दोनच गोष्टी पाहतात. किंमत पाहणे रास्तच आहे, पण गाइड नंबरवर निर्णय सोडण्यात फारसा अर्थ नाही. कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅश किती जोराने उजळतो यापेक्षा तो कोणत्या ट्रिगरचे (त्याला दुरून उडवणाऱ्या उपकरणाचे) ऐकतो आणि जागेवरून न हलता त्याची ताकद कमीजास्त करता येते का, हे रोजच्या कामात कितीतरी जास्त महत्त्वाचे ठरते. या कसोटीवर गोडॉक्स टीटी ६००, योंगनुओ वायएन ५६० आयव्ही आणि नीवर टीटी ५६० या तीन फ्लॅशची तुलना केली, तर माझे मत गोडॉक्सच्या पारड्यात पडते, पण सर्वांसाठी नाही.

मॅन्युअल, म्हणजे ताकद हाताने ठरवायचा फ्लॅश ही तडजोड, असा एक समज आहे. वरातीत किंवा धावत्या मुलांच्या मागे फिरताना तो खराही आहे, कारण तिथे अंतर सतत बदलते आणि टीटीएलवाला, म्हणजे ताकद आपोआप ठरवणारा फ्लॅश आपले काम हलके करतो. पण व्यक्तिचित्र, खाद्यपदार्थ किंवा दागिने टिपताना फ्लॅश आणि विषय यांच्यातले अंतर ठरलेले असते. एकदा १/१६ ताकद जुळली की पुढची सगळी छायाचित्रे एकसारखी उजळतात. टीटी ६०० ची ताकद पूर्ण ते १/१२८ अशी सात स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), एकतृतीयांश स्टॉपच्या टप्प्यांनी बदलते. वायएन ५६० आयव्हीचेही तसेच आहे. नीवरवर मात्र फक्त आठ ठरावीक टप्पे आहेत, म्हणजे प्रत्येक वेळी पूर्ण एक स्टॉपची उडी. छत्रीतून पडणारा प्रकाश किंचित कमी हवा असेल, तर तिथे स्टँडच मागेपुढे सरकवावा लागतो.

गाइड नंबरचा हिशेब थोडा खोलात पाहण्यासारखा आहे. गोडॉक्स ६० सांगते, योंगनुओ ५८. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला ६० भागिले एफ/८ (भिंगाचे छिद्र) म्हणजे साडेसात मीटरपर्यंत प्रकाश पुरतो, असा तो आकडा वापरायचा असतो. पण गोडॉक्सचा आकडा फ्लॅशचा झूम (झोताची रुंदी बदलणारी सोय) २०० मिमीवर ठेवून, तर योंगनुओचा १०५ मिमीवर मोजलेला आहे. प्रकाशाचा झोत जितका अरुंद, तितका आकडा फुगतो, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणेच चुकीचे आहे. शिवाय फ्लॅश छत्रीत किंवा सॉफ्टबॉक्समध्ये लावला की झूम रुंद करावा लागतो आणि कापडातही बराच प्रकाश जिरतो. दोन्ही फ्लॅशमध्ये व्यवहारात जाणवेल असा ताकदीचा फरक नाही, आणि दुकानदार त्या दोन अंकांवर जोर देत असेल तर ते हसून सोडून द्यावे.

आता ट्रिगर. नीवर टीटी ५६० मध्ये रेडिओ नाही. दुसरा फ्लॅश उजळलेला दिसला की तो उजळतो. एस१ या पद्धतीत पहिल्याच झगमगाटाला, तर एस२ मध्ये टीटीएलचा पूर्वझोत (मोजणीसाठीचा आधीचा झोत) सोडून मुख्य झोताला. घरातल्या खोलीत ही सोय बिनतक्रार चालते. मंगल कार्यालयात नेऊन पाहा: व्यासपीठासमोर ठेक्याचे छायाचित्रकार उभे, भोवती मामा-काकांचे फ्लॅश, आणि स्टँडवरचा आपला फ्लॅश प्रत्येकाच्या क्लिकला इमानेइतबारे साथ देत सेल संपवतो. आपण शटर दाबावे तेव्हा तो पुन्हा चार्ज होत असतो. उघड्या मैदानावर उन्हात तर त्याच्या सेन्सरला दुसरा झोत दिसेलच याची खात्री नसते. कॅमेऱ्यावर बाहेरचा रेडिओ ट्रिगर आणि फ्लॅशखाली रिसीव्हर लावून मार्ग निघतो, पण मग ताकद बदलायला दर वेळी फ्लॅशपाशी जावे लागते आणि रिसीव्हरचे सेल वेगळे सांभाळावे लागतात. स्वस्तात घेतलेला फ्लॅश असा हळूहळू महाग होत जातो.

गोडॉक्स आणि योंगनुओ या दोन्हींत २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ आतच आहे. कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरवरूनच दूरच्या फ्लॅशची ताकद बदलता येते. याचे मोल कसबा पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात कळते. तिथले लाकडी तक्तपोशीचे छत इतके काळसर असते की त्यावरून प्रकाश परतवण्याचा विचारच सोडावा लागतो. फ्लॅश ओसरीच्या खांबाआड छत्रीसह उभा करावा लागतो. माणूस उंबरठ्यावर बसला की १/१६, चौकात आला की १/८, आणि हे सारे समोरच्याची तंद्री न मोडता करता येते. योंगनुओसाठी वायएन ५६० टीएक्स हा नियंत्रक मिळतो; नाहीतर एक वायएन ५६० आयव्ही कॅमेऱ्यावर ठेवून त्यानेच दुसऱ्याला हुकूम देता येतो. टीटी ६०० मध्येही ही दुसरी सोय आहे.

मग गोडॉक्सच का? वेताळ टेकडीवर दुपारी बाराला छायाचित्र काढायचे झाले, तर कारण लगेच स्पष्ट होते. नेहमीच्या फ्लॅशबरोबर शटर साधारण १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेता येत नाही, कारण त्यापुढे शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात आणि चौकटीत काळा पट्टा येतो. भर उन्हात आयएसओ १०० आणि १/२०० ला अपर्चर एफ/११ पर्यंत मिटवावे लागते. मागची झाडी धूसर करायला एफ/२.८ हवे असेल, तर शटर १/३२०० लागते. टीटी ६०० योग्य ट्रिगरसह हायस्पीड सिंकमध्ये, म्हणजे शटरची ही मर्यादा ओलांडणाऱ्या पद्धतीत, १/८००० पर्यंत जातो. वायएन ५६० आयव्हीमध्ये ती सोयच नाही. मात्र हे फक्त ऑफ-कॅमेरा चालते, टीटी ६०० थेट हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) बसवल्यास नाही. आणि या पद्धतीत फ्लॅशची ताकद बरीच घटते, त्यामुळे उन्हात छत्री बाजूला ठेवून फ्लॅश चेहऱ्याच्या अगदी जवळ आणावा लागतो.

खरेदीआधी कॅननवाल्यांनी एक गोष्ट नक्की पाहावी. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या कॅमेऱ्यांच्या हॉट शूमध्ये कॅननने मधला पिनच ठेवलेला नाही. साधा मॅन्युअल फ्लॅश किंवा एकपिनी ट्रिगर त्यावर बसतो, पण उजळत नाही. गोडॉक्सचा खास कॅननसाठीचा ट्रिगर घेऊन, त्यातले फर्मवेअर (आतली आज्ञावली) ताजे असल्याची खात्री करून, दुकानातच आपल्या कॅमेऱ्यावर दोन-चार वेळा उडवून पाहावे. हे जमत नसेल, तर कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश उघडून दूरच्या फ्लॅशला एस२ वर ठेवणे हा उपाय खोलीपुरता उत्तम आहे. ट्रिगरच्या नावाअखेरचे अक्षरही तपासावे: एक्स२टी-सी कॅननचा, एक्स२टी-एन निकॉनचा, एक्स२टी-एस सोनीचा. फ्लॅश तोच राहतो, ट्रिगर बदलतो. उद्या कॅमेऱ्याची कंपनी बदलली तरी फ्लॅश फुकट जात नाही, हा गोडॉक्स घेण्यामागचा माझा मोठा मुद्दा आहे.

उणिवा या किमतीच्या साऱ्याच फ्लॅशमध्ये आहेत. सेलच्या कप्प्याचे झाकण नाजूक असते, ते अंगठ्याने रेटू नये. पावसापासून कसलेही संरक्षण नसते, त्यामुळे आषाढात सिंहगडावर फ्लॅशला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी लागते. पूर्ण ताकदीने लागोपाठ उडवल्यास फ्लॅश तापतो आणि थंड होईपर्यंत चार्ज व्हायला वेळ घेतो. कंपनीच्या सांगण्यानुसार टीटी ६०० चार्ज व्हायला पूर्ण ताकदीला २.६ सेकंद घेतो आणि २५०० एमएएचच्या चार सेलवर सुमारे २३० वेळा उडतो, पण हे चांगल्या निकेल-मेटल-हायड्राइड सेलवर. साधे सेल घातले की थोड्याच वेळात सेकंदांचा हिशेब बिघडतो.

ज्यांचे काम छताखालीच चालते, म्हणजे घरगुती खाद्यपदार्थ, साड्या, दागिने किंवा स्टुडिओतली व्यक्तिचित्रे, त्यांना हायस्पीड सिंकचा उपयोग क्वचितच पडतो. कुणाचा वायएन ५६० आयव्ही व्यवस्थित चालता मिळत असेल, तर त्यांनी तो बेलाशक घ्यावा. नीवर मी फक्त पार्श्वभूमीवर प्रकाश टाकणारा दुसरा किंवा तिसरा फ्लॅश म्हणून सुचवेन. टीटी ६०० घेतला तर उरलेले पैसे लगेच दुसऱ्या फ्लॅशवर न घालता एक चांगला ट्रिगर, सेलचे दोन संच, प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा चार्जर, पांढरी छत्री आणि वाऱ्यात स्टँड आडवा होऊ नये म्हणून पायाशी ठेवायची वाळूची पिशवी, या क्रमाने खर्च करावेत. पिशवी विकत घेतली नाही तरी चालते. बांधकामाच्या ढिगाऱ्यातली वाळू आणि जुनी कापडी पिशवी पुरते.