ग्राफ डेटाबेसमधील मराठी शोध : टेक्स्ट इंडेक्स घ्यावा की फुलटेक्स्ट?

इंदुरातील एका मराठी ग्रंथसंग्रहाची सूची आम्ही निओफोरजे (Neo4j) या ग्राफ डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदींसोबत त्यांच्यातील नातीही साठवणाऱ्या माहितीसंचात, उतरवली, तेव्हा लेखक, देणगीदार घराणी आणि त्यांची मूळ गावे यांच्यातील नाती क्षणात उलगडत असत, परंतु नावाचा एखादा तुकडा देऊन नोंद शोधू लागलो की बराच वेळ वाट पाहावी लागे. ग्राफचा वेग हा नात्यांवरून पुढे सरकण्याचा वेग आहे, आणि पहिला नोड, म्हणजे पहिली नोंद, हाती येईपर्यंत त्याचा काही उपयोग होत नाही. ‘कंटेन्स’ (मजकुरात अमुक तुकडा आहे का) या अटीला साजेसा इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची तयार सूची, नसेल, तर त्या लेबलचा (नोंदींच्या प्रकाराचा) प्रत्येक नोड उघडून त्यातील मजकूर तपासला जातो. म्हणून निर्णय घ्यायचा आहे तो या पहिल्या पावलाचा.

शीर्षकातील दोन पर्यायांपूर्वी रेंज इंडेक्सविषयी थोडक्यात सांगता येते. तो मूल्ये क्रमवार लावतो, त्यामुळे आरंभाच्या अक्षरांवरून शोध घेण्यास तो उत्तम आहे. शब्दाच्या मधला किंवा शेवटचा तुकडा शोधायचा असेल, तर मात्र तो फारसा कामाचा नाही.

टेक्स्ट इंडेक्स 4.4 आवृत्तीत आला, आणि 5.0 मध्ये जुने बी-ट्री नावाचे सर्वसाधारण इंडेक्स काढून टाकल्यानंतर त्याचे महत्त्व वाढले. त्याचा नवा प्रकार मजकुराचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून ठेवतो. देवनागरीत मात्रा हे स्वतंत्र चिन्ह असल्यामुळे ‘राम’ या दोन अक्षरी नावातही तीन चिन्हे भरतात आणि लहान नावेही या इंडेक्सच्या आवाक्यात येतात. क्वेरी प्लॅनर (क्वेरी, म्हणजे शोधाची आज्ञा, कशी चालवायची ते ठरवणारा भाग) तो आपणहून निवडतो, म्हणून जुन्या क्वेरी सहसा बदलाव्या लागत नाहीत. तथापि तो एका लेबलच्या एकाच गुणधर्मावर (नाव, गाव अशा एकाच रकान्यावर) बसतो, निकालांना जुळणीचे गुण देत नाही, आणि चिन्हे तंतोतंत जुळली तरच नोंद देतो.

ही शेवटची अट मराठीत फार जाचक ठरते. ‘बऱ्हाणपूर’ हे इंदूरकडचेच गाव घ्या. त्यातील अर्धा ‘र’ दोन वेगळ्या संकेतांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात. ‘इंदूर’ शोधल्यावर ‘इंदूरचा’ सापडतो, पण ‘इंदुरात’ सापडत नाही, कारण सामान्यरूपात ऊकार ऱ्हस्व झालेला असतो.

फुलटेक्स्ट इंडेक्स ल्युसीन या मजकूर शोधण्याच्या सॉफ्टवेअरवर उभा आहे. तो अनेक लेबले आणि अनेक गुणधर्म एकत्र घेतो, शब्दांनुसार शोधतो आणि जुळणीच्या गुणांप्रमाणे निकाल लावून देतो. प्लॅनर मात्र तो स्वतःहून वापरत नाही, त्याची प्रोसीजर (तयार आज्ञा) आपल्याला क्वेरीत बोलवावी लागते. पुस्तकाचा परिचय, प्रस्तावना, टिपणे अशा लांब मजकुरासाठी माझे मत निःसंशय याच्याच बाजूने आहे. प्रश्न उरतो तो मजकूर शब्दांत तोडून शोधायोग्य करणाऱ्या भागाचा, म्हणजे अ‍ॅनालायझरचा. मूळचा अ‍ॅनालायझर शब्द वेगळे करतो, पण विभक्ती ओळखत नाही, त्यामुळे ‘इंदूर’ला ‘इंदूरचा’देखील सापडत नाही, तिथे शेवटी तारांकन लावावे लागते. ल्युसीनमध्ये मराठीसाठी अ‍ॅनालायझर नाही, हिंदीसाठी आहे, आणि तो घ्यावा असा मोह होतो. तो ऱ्हस्व-दीर्घ एक करतो आणि ‘बऱ्हाणपूर’ची दोन्ही रूपे जुळवतो. परंतु हिंदी क्रियापदांसाठी तो शब्दाच्या शेवटचा ‘कर’ही छाटतो, त्यामुळे ‘होळकर’चे ‘होळ’ होते. नीराकाठचे होळ हे होळकरांचे मूळ गाव. ते गाव आणि ते घराणे एकाच शोधात मिसळू लागले, तर इंदूरच्या सूचीला ते चालणार नाही. मराठीतील असंख्य आडनावांची हीच गत होईल.

यासाठी नावांच्या बाबतीत मी असे सुचवेन की, मूळ नाव जसेच्या तसे ठेवून शेजारी शोधासाठी वेगळा गुणधर्म भरावा, त्यात अर्धा ‘र’ एकाच संकेताने लिहावा, दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करावेत, आणि त्यावर टेक्स्ट इंडेक्स लावावा. वाचकाने दिलेल्या शब्दावरही क्वेरीपूर्वी हेच संस्कार करावेत. ते गुणधर्मावर क्वेरीच्या आत केले, तर इंडेक्स बाजूला पडतो आणि पुन्हा सर्व नोड चाळले जातात.

इलॅस्टिकसर्चसारखे वेगळे शोधयंत्र जोडल्यास अ‍ॅनालायझर हवा तसा घडवता येतो, पण दोन्हीकडची माहिती सतत जुळती ठेवावी लागते. लहान संस्थेने तो भार घेऊ नये असे मला वाटते.

कोणताही इंडेक्स लावल्यावर तीच क्वेरी ‘प्रोफाइल’ (क्वेरी कशी चालली त्याचा आराखडा दाखवणारा शब्द) जोडून चालवावी. आराखड्याच्या तळाशी अजूनही लेबलचा संपूर्ण स्कॅन दिसत असेल, तर इंडेक्स वापरला जात नाही असे समजून आधी अटीची रचना तपासावी, आणि यंत्राची मेमरी वाढवण्याचा विचार त्यानंतरच करावा.