मायक्रोटिक हेक्स राउटर: लीज लाइनवरील पॅकेट लॉसचा माग काढताना आलेला चौदा महिन्यांचा अनुभव

सांगली जिल्ह्यातील एका सहकारी पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयाचे आणि चार शाखांचे नेटवर्क मी सांभाळतो. मुख्य कार्यालयात २० एमबीपीएसची लीज लाइन, म्हणजे फक्त आमच्यासाठी राखलेली भाड्याची जोडणी, आहे आणि शाखा आपापल्या ब्रॉडबँडवरून इथल्या सर्व्हरवर काम करतात. गेल्या वर्षी रोज साधारण साडेअकरा ते एक या वेळेत, म्हणजे नेमक्या गर्दीच्या वेळी, शाखांचे काम अडखळू लागले. रोखपाल मॅडमचा फोन यायचा, "सर, एंट्री टाकली की नुसतं गोल फिरत राहतंय, आणि समोर माणसं उभी आहेत," आणि पिंग (समोरच्या यंत्राला छोटा संदेश पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) लावून बसले की मधूनच दोन-तीन आरटीओ (रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे उत्तरच न येणे) येऊन पुन्हा सगळे सुरळीत व्हायचे. आमच्या जुन्या राउटरचे आकडे मात्र निर्दोष होते. पोर्टवर एकही एरर नव्हती, ड्रॉप, म्हणजे राउटरने टाकून दिलेली पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे), शून्य होते आणि सरासरी वापर साठ टक्क्यांच्या आत होता. लाइन देणाऱ्या कंपनीकडे तिकीट टाकले की 'आमच्या बाजूने लिंक व्यवस्थित आहे' एवढ्या एका ओळीवर ते बंद होई. या अवस्थेत आम्ही लाटव्हियातील मायक्रोटिक या कंपनीचा हेक्स, म्हणजे आरबी ७५० जीआर ३ हा राउटर, सुमारे सहा हजार रुपयांना घेतला.

यंत्राविषयी थोडक्यात सांगायचे तर पाच गिगाबिट पोर्ट, ८८० मेगाहर्ट्झचा दोन कोरचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि तळहातावर मावेल एवढा प्लास्टिकचा डबा असा हा मामला आहे. त्यात वायफाय नाही, आणि कार्यालयाच्या मुख्य राउटरला ते नसलेलेच बरे. तो ८ ते ३० व्होल्टपर्यंत कोणत्याही डीसी पुरवठ्यावर चालतो, त्यामुळे १२ व्होल्टच्या साध्या छोट्या यूपीएसवर आम्ही तो लावला आहे. वीज गेल्यावर राउटर बंद पडून सुरू होण्यात जाणारी मिनिटे त्यामुळे वाचली.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट आडवी आली. हेक्स जोडताच लिंक १०० एमबीपीएस हाफ ड्युप्लेक्सवर, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने बोलण्याच्या पद्धतीवर, उठली आणि कोलिजनचे, म्हणजे पॅकेटच्या टकरींचे, आकडे डोळ्यांदेखत वाढू लागले. लाइनवाल्यांच्या मीडिया कन्व्हर्टरचा (एका प्रकारच्या तारेवरून दुसऱ्या प्रकारच्या तारेवर सिग्नल नेणाऱ्या डब्याचा) पोर्ट १०० फुल ड्युप्लेक्सवर, म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलण्यावर, कायम केलेला होता आणि हेक्स ऑटोवर, म्हणजे वेग व ड्युप्लेक्स समोरच्याशी वाटाघाटीने ठरवण्यावर, होता. समोरून वाटाघाटीला उत्तर येत नसेल तर ऑटोवरचे यंत्र वेग ओळखते, पण ड्युप्लेक्स मात्र हाफ धरते. जुन्या राउटरवर कोणीतरी कधीकाळी ही सेटिंग हाताने केली होती आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. हेक्सवरही ती हाताने केली आणि कोलिजन थांबले. या राउटरबद्दल मला पहिला आदर वाटला तो इथेच, कारण एफसीएस एरर (बिघडून आलेली पॅकेट), ओव्हरफ्लो, कोलिजन, क्यू ड्रॉप (रांगेतून टाकलेली पॅकेट) असे प्रत्येक पोर्टचे वेगवेगळे आकडे विनबॉक्स या मायक्रोटिकच्या नियंत्रण-प्रोग्राममध्ये समोर मांडलेले असतात, आणि केबल-कन्व्हर्टरचा दोष कोणता व गर्दीचा दोष कोणता हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

दुपारचा त्रास मात्र तसाच राहिला, आणि हेक्सच्याही पोर्टवर ड्रॉप शून्यच दिसू लागले. खरी ग्यानबाची मेख इथे आहे. आपली लाइन २० एमबीपीएसची असली तरी राउटर आणि कन्व्हर्टर यांच्यामधली तार १०० एमबीपीएसची आहे. १५०० बाइटचे एक पॅकेट त्या तारेवरून ०.१२ मिलिसेकंदात निघून जाते; २० एमबीपीएसच्या हिशेबाने त्याला ०.६ मिलिसेकंद लागायला हवेत. राउटरच्या दृष्टीने रस्ता मोकळाच असतो, म्हणून त्याच्याकडे रांगच लागत नाही, आणि रांग नाही म्हणजे ड्रॉपही नाहीत. पलीकडे कंपनीच्या उपकरणावर मात्र ठरलेल्या दराच्या वर आलेले पॅकेट सरळ टाकून दिले जाते. ते रोखपालाची एंट्री आहे की कोणाचा बॅकअप, याच्याशी त्या उपकरणाला देणेघेणे नसते. अशा रीतीने पॅकेट हरवते तिकडे आणि इकडचा राउटर शपथेवर सांगतो की मी काहीच टाकले नाही. त्यात पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख एखाद्या सेकंदाची उसळी पार सपाट करून टाकतो, म्हणून साठ टक्के वापर पाहून लाइनला भरपूर वाव आहे असे समजणे ही आमची चूकच होती.

उपाय एकच होता: रांग पलीकडून उचलून आपल्या राउटरवर आणायची. त्यासाठी बाहेर जाणारा वेग २० च्या किंचित खाली, आमच्याकडे १९ एमबीपीएसवर, बांधला आणि रांगेचा प्रकार म्हणून केक ही पद्धत (तिच्याविषयी पुढे) निवडली. हे केल्यावरही पहिला तासभर काहीच फरक पडला नाही, आणि क्यूच्या खिडकीतला आकडा काही केबीपीएसच्या वर सरकेना. कारण होते फास्टट्रॅक. मायक्रोटिकच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये हा फायरवॉलचा नियम चालू असतो, आणि त्यातून जाणारी पॅकेट सिंपल क्यूला, म्हणजे आम्ही वेग बांधलेल्या रांगेला, वळसा घालून निघून जातात. नियम बंद करताच क्यूचा आकडा उडी मारून १९ एमबीपीएसला टेकला, आणि इतके महिने शून्यावर असलेला ड्रॉपचा रकाना भरू लागला. तो वाढता आकडा पाहून मला मनापासून समाधान वाटले, कारण जे पॅकेट पूर्वी कुठे गायब होते ते कळत नव्हते, ते आता आमच्या घरात, आमच्या नियमाने टाकले जात होते.

केकचे काम समजून घेण्यासारखे आहे. साधी रांग मोठी ठेवली तर पॅकेट वाचते पण ताटकळते. २० एमबीपीएसच्या लाइनवर हजार मोठी पॅकेट रांगेत उभी राहिली तर शेवटच्याला ०.६ सेकंद थांबावे लागते. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यातल्या अवघ्या चारशे यार्डांच्या अंतरावर कोंडीमुळे ३२ केबीपीएसचा वेग ४० बीपीएसवर आला होता. त्या घटनेचा अभ्यास करून टीसीपी या इंटरनेटवर डेटा पोहोचवण्याच्या नियमावलीला सावरणाऱ्या व्हॅन जेकबसन यांनीच २०१२ साली कॅथलीन निकल्स यांच्यासह कोडेल ही पद्धत मांडली. रांगेत किती पॅकेट आहेत हे ती पाहत नाही. पॅकेटला किती वेळ उभे राहावे लागले हे पाहते, आणि ती प्रतीक्षा ५ मिलिसेकंदांच्या वर १०० मिलिसेकंदभर टिकून राहिली तरच पॅकेट टाकू लागते. केक ही त्याच घराण्यातली पद्धत प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, त्यामुळे बॅकअपच्या लोंढ्यामागे पासबुकाची छोटीशी एंट्री अडकून पडत नाही. राउटरओएस या मायक्रोटिकच्या कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत हे सारे आयते मिळते आणि त्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. या किमतीच्या यंत्रात ही मोठीच गोष्ट आहे.

लाइन कोण भरतो हे शोधायला टॉर्च हे कोणता संगणक किती डेटा पाठवतो ते दाखवणारे साधन अर्ध्या मिनिटात उपयोगी पडले. सर्व्हरचा बाहेरच्या साठ्यावर जाणारा बॅकअप कोणीतरी साडेअकराला लावून ठेवला होता. तो रात्री अकराला हलवला. पण त्याआधी मुद्दाम दोन दिवस दुपारीच चालू ठेवून पाहिला. लाइन पूर्ण भरलेली असताना शाखेचा पिंग ८ वरून १४ मिलिसेकंदांपर्यंत गेला आणि एकही आरटीओ आला नाही. प्रोसेसरचा वापर या वेगाला नगण्य राहिला. ज्यांची लाइन काहीशे एमबीपीएसची आहे त्यांनी मात्र फास्टट्रॅक बंद करून केक चालवायचे तर अधिक ताकदीचे मॉडेल घ्यावे.

उणिवा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. आत येणाऱ्या वाहतुकीवर या राउटरचा ताबा अप्रत्यक्षच आहे, कारण पॅकेट आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा अरुंद रस्ता ओलांडून आलेले असते. तिथे वेग १७ एमबीपीएसवर बांधून तीन एमबीपीएस सोडून द्यावे लागले. अंतर्गत साठवण १६ एमबीच असल्याने लॉग (घडामोडींच्या नोंदी) दुसऱ्या संगणकावर पाठवण्याची सोय आम्हाला करावी लागली. आलेखाची सर्वांत बारीक सरासरीही पाच मिनिटांचीच आहे. आणि फास्टट्रॅक चालू असताना क्यू निष्प्रभ ठरते, याची कोणतीही सूचना क्यूच्या खिडकीत मिळत नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. नवखा माणूस इथे एक दिवस सहज घालवील. ट्रेसराउटमध्ये, म्हणजे पॅकेटच्या वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या चाचणीत, मधल्या एखाद्या टप्प्यावर लॉस दिसला आणि पुढच्या टप्प्यांवर तो नसला, तर तो खरा लॉस नसतो, त्या टप्प्यावरचा राउटर केवळ उत्तर द्यायला चालढकल करत असतो, हेही आधी माहीत असावे. नाही तर चुकीचे तिकीट टाकले जाते.

ज्या कार्यालयात नेटवर्क समजणारे कोणीच नाही आणि बाहेरूनही कोणाला बोलावणे शक्य नाही, तिथे मी हा राउटर सुचवणार नाही. बाकी कोणत्याही २०-५० एमबीपीएसच्या लीज लाइनवर तो डोळे झाकून घ्यावा. आमच्या दोन शाखांत तो बसला आहे, उरलेल्या दोन शाखांसाठी मागणी नोंदवली आहे, आणि कन्व्हर्टरची ड्युप्लेक्स सेटिंग या वेळी कॉन्फिगरेशनच्या प्रतीसोबत फाइलला लावून ठेवली आहे.