क्विल्टचे कापड: जवळच्या दुकानातून घ्यावे की दुरून मागवावे?

क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेला वरचा थर आणि खालचे अस्तर एकत्र शिवून केलेले गोधडीसारखे पांघरूण. तो शिवायला घेणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कापड कोठून आणायचे हा, आणि त्याचे उत्तर बहुतेक जण भाव पाहून ठरवतात. भाव पाहू नये असे कोणी म्हणणार नाही. मात्र पलंगभर मापाच्या क्विल्टसाठी कापणे, जोडणे, इस्त्री करणे आणि टाके घालणे यांत कित्येक आठवडे जातात, आणि एवढे श्रम ज्यावर खर्ची पडले ते कापड चार धुण्यांत विरले किंवा त्याचा लाल रंग शेजारच्या पांढऱ्या तुकड्यात उतरला, तर कापडात वाचवलेल्या पैशाचे समाधान उरत नाही. त्यामुळे ‘कोणते दुकान चांगले’ यापेक्षा ‘क्विल्टमधले कोणते कापड कोठून घ्यावे’ असा प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतो. वरच्या थरातले छापील तुकडे, त्यांच्यामागची एकरंगी पार्श्वभूमी आणि खालचे अस्तर यांची कामे वेगळी असतात, आणि तिन्ही एकाच ठिकाणाहून घेण्याच्या हट्टापायी बहुतेकांची निवड कोठेतरी चुकते.

आधी आपल्याला नेमके काय हवे आहे ते पाहू. क्विल्टसाठी विकले जाणारे कापड साध्या विणीचे आणि १०० टक्के सुती असते. त्याचा पन्हा ४२ ते ४४ इंच असतो, मात्र किनार, म्हणजे ठाणाच्या दोन्ही बाजूंची घट्ट विणलेली कड, कापून आणि कापड धुऊन हाती लागतो तो ४० ते ४२ इंच. विणीत इंचाला साधारण ६० ते ७५ धागे असतात आणि वजन चौरस मीटरला १४० ते १५० ग्रॅमच्या आसपास भरते. हे आकडे महत्त्वाचे ठरण्याचे कारण असे की क्विल्टची शिलाई कडेपासून केवळ पाव इंच आत असते. कपडे शिवताना शिलाईबाहेर बरेच कापड राहते, त्यामुळे विरळ वीण खपून जाते, पण पाव इंचात दहा-बारा धागे निसटले तर जोडच उघडा पडतो. दुसऱ्या टोकाला बाटिकसारखे अतिघट्ट विणीचे कापड आहे. ते मशीनवर सुरेख शिवले जाते, परंतु हाताने टाके घालणाऱ्याची सुई त्यात प्रत्येक टाक्याला अडते.

ही पारख हातानेच होते, आणि जवळच्या दुकानाचे मोल प्रथम येथे कळते. ठाण उलगडून एक पदर उजेडासमोर धरावा. विरळ विणीतून पलीकडची बोटे स्पष्ट दिसतात. कोपरा मुठीत आवळून सोडावा आणि सुरकुत्या किती टिकतात ते पाहावे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कापड अर्धा मिनिट चोळावे. हलक्या कापडाला खळ भरपूर दिलेली असते, त्यामुळे ते गुंडाळीवर कडक आणि भारदस्त वाटते, पण चोळलेली जागा लगेच लुळी पडते, कधी बोटांवर पांढरी भुकटीही येते, आणि पहिल्या धुण्यानंतर आपल्या हाती जे राहणार ते हेच लुळे कापड असते. चौकटी किंवा रेघा छापलेल्या असतील तर त्या उभ्या-आडव्या धाग्याला समांतर आहेत का, हे किनारीशी ताडून पाहावे. छपाई तिरपी असेल तर रेघेवर कापले तरी वाकडे आणि धाग्यावर कापले तरी वाकडे. ऑनलाइन दुकानातल्या छायाचित्रात यांपैकी एकही गोष्ट कळत नाही.

मोठ्या साखळी-दुकानातही ठाणाला हात लावता येतो, म्हणून त्याला सरसकट नावे ठेवणे योग्य नाही. अडचण वेगळी आहे. छपाईपूर्वीचे कोरे कापड अनेक प्रतींचे असते आणि तेच किंवा तत्सम डिझाइन हलक्या प्रतीवरही छापता येते, त्यामुळे डिझाइन ओळखीचे वाटले म्हणून कापड तेच असेल असे धरून चालता येत नाही. अशा दुकानांत लहान मुलांच्या कपड्यांचे, पडद्यांचे आणि क्विल्टचे सुती कापड एकाच फळीवर उभे असते, आणि निवडण्याचा सगळा भार गिऱ्हाइकावर पडतो. वर सांगितलेल्या परीक्षा ज्याला करता येतात त्याला तेथे उत्तम कापड कमी भावात मिळू शकते. नवख्याने मात्र तेथे लेबल वाचून थांबू नये.

रंगांच्या जुळणीत माझा कल पूर्णपणे जवळच्या दुकानाकडे आहे. आठ-दहा ठाणे मापण्याच्या टेबलावर शेजारी शेजारी आडवी ठेवली, चार पावले मागे सरून डोळे बारीक केले, की एक ठाण आपोआप ओरडू लागते आणि तेच काढून टाकायचे असते. क्विल्टची नक्षी उठून दिसते ती रंगापेक्षा गडद-फिक्याच्या अंतरामुळे, आणि ते तपासण्यासाठी टेबलावरच्या ठाणांचा फोनवर कृष्णधवल फोटो काढला तरी पुरते. एरवी वेगळे वाटणारे हिरवे आणि तपकिरी त्या फोटोत एकच राखाडी होऊन बसतात. हाच प्रयोग ऑनलाइन छायाचित्रांवर करता येतो, पण प्रत्येक छायाचित्राचा प्रकाश वेगळा आणि प्रत्येक पडद्याची छटा वेगळी, त्यामुळे निष्कर्षावर फार विसंबता येत नाही.

पडद्यावर रंगाहून जास्त फसवते ते नक्षीचे माप. मी एकदा बारीक पानांचे समजून एक छापील कापड मागवले. आलेले पान तळहाताएवढे होते. अडीच इंचाचे चौकोन कापल्यावर त्यांतल्या निम्म्या चौकोनांत पान नव्हतेच, नुसता हिरवा रंग होता, आणि ज्यासाठी ते कापड घेतले ती बारीक नक्षी कोठेच दिसेना. विक्रेत्याचा त्यात दोष नव्हता, कारण छायाचित्रात कापडाशेजारी मोजपट्टी ठेवलेली होती आणि ती मी पाहिली नव्हती. मोजपट्टी नसलेल्या छायाचित्रावरून छापील कापड न मागवणे हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

एकरंगी कापडाची गोष्ट निराळी आहे. नामांकित कंपन्या प्रत्येक छटेला नाव आणि क्रमांक देतात, आणि खऱ्या कापडाचे छोटे नमुने चिकटवलेले रंगपत्रकही विकतात. उदाहरणार्थ, रॉबर्ट कॉफमन कंपनीच्या कोना कॉटन या एकरंगी सुती कापडात साडेतीनशेहून अधिक छटा आहेत. एवढी ठाणे लहान दुकान मांडणार तरी कोठे? रंगपत्रक एकदा घेतले की दिवसाच्या उजेडात ते आपल्या छापील तुकड्यांशेजारी धरून छटा ठरवता येते आणि कापड ज्याच्याकडे स्वस्त असेल त्याच्याकडून मागवता येते. काळजी एकच घ्यावी लागते. एकाच क्रमांकाच्या दोन रंगाईंत सूक्ष्म फरक पडू शकतो, म्हणून पार्श्वभूमीचे सगळे कापड एका वेळी आणि एकाच ठाणातून घ्यावे, आणि मागणीसोबत ‘सलग कापून पाठवावे’ असे स्पष्ट लिहावे. काही विक्रेते तसे न सांगितल्यास अर्ध्या-अर्ध्या वाराचे वेगळे तुकडे पाठवतात.

मापाबाबतही दुरून मागवणाऱ्याने सावध असावे. क्विल्ट कसा शिवावा आणि कापड किती लागेल हे सांगणारे पुष्कळसे नमुने वारांत लिहिलेले असतात आणि पुष्कळशी दुकाने मीटरने विकतात. वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. नमुन्यात ५ वार सांगितले असताना ५ मीटर घेतले तर सुमारे ४३ सेंटिमीटर कापड उरते आणि ते वाया जात नाही, पण ५ मीटर हवे असताना ५ वार घेतले तर तेवढेच कमी पडते आणि क्विल्टच्या कडेची शेवटची पट्टी अडते. काही संकेतस्थळांवर ‘नग १’ म्हणजे अर्धा वार असतो, तेथे ३ लिहिणाऱ्याला दीड वार कापड येते. पाव वारातही दोन प्रकार आहेत: पूर्ण पन्ह्याचा ९ इंच रुंद पट्टा, आणि ‘फॅट क्वार्टर’ म्हणून विकला जाणारा साधारण १८ बाय २१ इंचाचा तुकडा. क्षेत्रफळ सारखेच, पण १० इंचाचा चौकोन पहिल्यातून एकही निघत नाही आणि दुसऱ्यातून दोन निघतात. दुकानातला माणूस कात्री लावण्यापूर्वी ‘कशासाठी हवे?’ असे विचारतो, तेव्हा या चुका जागीच टळतात.

आधीच कापलेल्या तुकड्यांचे संच, म्हणजे अडीच इंची पट्ट्या किंवा ५ आणि १० इंचांचे चौकोन, ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. रंग एकाच संग्रहातले, म्हणजे कंपनीने एकमेकांशी जुळवून छापलेले असल्याने जुळणीची चिंता नसते. कडा नागमोडी असतील तर माप टोकापासून धरले आहे की खाचेपासून, हे मात्र पट्टी लावून पाहावे, आणि असे तुकडे आधी धुऊ नयेत.

अस्तराच्या बाबतीत मला जवळच्या दुकानाची बाजू घेता येत नाही. ९० बाय ९० इंचांचा क्विल्ट असेल तर प्रत्येक बाजूला ४ इंच जादा धरून अस्तर ९८ बाय ९८ इंचांचे लागते. नेहमीच्या पन्ह्याचे दोन पट्टे जोडले तर रुंदी फार तर ८४ इंचांपर्यंत जाते, म्हणून तिसरा पट्टा घ्यावा लागतो. एकूण कापड सव्वाआठ वार आणि मध्ये दोन लांब जोड. खास अस्तरासाठी विणलेल्या १०८ इंच पन्ह्याच्या कापडात हेच काम पावणेतीन वारांत आणि जोडाशिवाय होते. वाराचा भाव दुप्पट असला तरी ते स्वस्त पडते. हे ठाण जड आणि जागा खाणारे असल्याने लहान दुकानात ते दोन-चार रंगांतच सापडते, ऑनलाइन दुकानांत मात्र भरपूर निवड असते. शिवाय अस्तराचा रंग वरच्या थराशी थोडा कमी जुळला तरी चालून जाते.

कमी पडलेल्या कापडाचे काय? छापील संग्रह बहुधा ठरावीक प्रमाणात छापले जातात आणि संपल्यावर पुन्हा येतीलच असे नाही. जवळच्या दुकानात आठवडाभरात परत गेलो तर तेच ठाण बहुधा शिल्लक असते, पण वर्षभराने त्या दुकानात काही उरत नाही आणि तेव्हा ऑनलाइन शोधाला पर्याय नसतो. असा शोध किनारीवर छापलेल्या कंपनी, संग्रह आणि डिझाइन क्रमांक यांच्या आधाराने होतो, म्हणून किनार कापल्यावर फेकू नये. मोठे दुकान कायम राहील असे समजण्यातही अर्थ नाही. अमेरिकेतील जोॲन ही १९४३ साली सुरू झालेली कापडांची साखळी दिवाळखोरीत निघाली आणि २०२५ मध्ये तिची सुमारे ८०० दुकाने बंद झाली. कापलेले कापड परत घेण्याची पद्धत तर बहुतेक कोठेच नाही, त्यामुळे ‘आवडले नाही तर परत करू’ या भरवशावर दुरून मागवू नये.

लहान दुकानाची एक मर्यादा मोकळेपणाने सांगितली पाहिजे. तेथे मालकाच्या आवडीचेच कापड असते. मालकाला फुले आवडत असतील तर भौमितिक नक्षी शोधणाऱ्याने तेथे तासन्‌तास घालवू नयेत. सल्ला चांगला मिळतो, पण तो समोरच्या फळीवरच्या मालापुरता मिळतो. ऑनलाइन बाजारपेठेत निवड अफाट असते, मात्र एकाच संकेतस्थळावर शेकडो विक्रेते असल्याने कापड कोणाकडून येते ते पाहावे लागते, आणि किनारीचे छायाचित्र न देणाऱ्या विक्रेत्याकडून ‘नामांकित कंपनीचे’ कापड मी घेत नाही.

पहिलाच क्विल्ट असेल तर मी असे करीन: वरच्या थरातली चार-पाच छापील कापडे जवळच्या दुकानात टेबलावर मांडून निवडीन, पार्श्वभूमीचे एकरंगी कापडही तेथेच घेईन आणि नमुन्यात सांगितल्यापेक्षा अर्धा मीटर जादा मापून घेईन. घरी आल्यावर गडद रंगांचा एक-एक छोटा तुकडा पांढऱ्या ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवीन, म्हणजे रंग उतरतो का ते कळेल. वरचा थर शिवून पूर्ण झाला, की त्याची लांबी-रुंदी प्रत्यक्ष मोजून मगच १०८ इंचांचे अस्तर ऑनलाइन मागवीन, कारण शिवलेला थर कागदावरच्या मापाएवढाच भरेल असे सहसा होत नाही.